धंदा वहिनींच्या नावावर, प्रश्न मात्र दादांना

आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला एकदा विचारून बघा, "तुमच्या घरात ठेकेदारी कोण करतं?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "मी कशातच नाही. तो सगळा व्यवसाय मिसेस बघतात." एवढं ऐकलं की विचारणारा गप्प होतो. घरच्या बाईचं नाव निघालं की पुढे बोलू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. शिकवण चांगलीच आहे, पण तिच्या आडोशाला कोण उभं आहे तेही बघायला हवं. मिसेसच्या नावावर डांबराचा प्लांट असेल आणि साहेब रस्त्यांच्या कामांची यादी ठरवणाऱ्या बैठकीत बसत असतील, तर ती घरगुती गोष्ट उरत नाही. रस्ता आपला आहे आणि पैसाही आपलाच.

तरीही आधी दुसरी बाजू. नवरा निवडून आला म्हणून बायकोने घरी बसावं, असं कुणी म्हणू नये. डॉक्टर बाईंचा दवाखाना, वकील बाईंची प्रॅक्टिस, कुणाचं साड्यांचं दुकान, कुणाची माहेरून आलेली फॅक्टरी ही त्यांच्या कष्टाची कमाई आहे. आमदाराची बायको चांगले पैसे मिळवते म्हणजे काळंबेरं असणारच, हा तर्क आळशी आहे आणि बायकांचा अपमान करणाराही. आपल्याकडे हा प्रश्न उलट्या दिशेनेही येतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मालक वीस वर्षं मुरमाचा आणि जेसीबीचा धंदा करतायत, आणि सरपंचपद राखीव झालं म्हणून ताई सरपंच झाल्या, असं चित्र अनेक गावांत दिसेल. इथे राजकारणी ताई आहेत आणि धंदा नवऱ्याचा. सगळे 'सरपंचपती' म्हणून हसतात, पण पंचायतीची बिलं कुणाच्या फर्मच्या नावाने निघतात ते फारसं कुणी बघत नाही.

म्हणून धंदा किती मोठा आणि नाव कुणाचं, याच्या मागे लागू नका. पैसा कुठून येतो ते बघा. ज्या टेबलावर एक जोडीदार सही करतो, मत देतो किंवा शब्द टाकतो, त्याच टेबलावरून दुसऱ्याच्या धंद्याला काम, परवाना, जमीन किंवा अनुदान मिळतंय का? मिळत नसेल तर विषय सोडून द्या. कापडाचं दुकान चालो बापडं. मिळत असेल तर मग नवरा-बायको वेगळे राहतात का, त्यांची खाती वेगळी आहेत का, बाई स्वतः ऑफिसला जातात का, या चौकशांना काही अर्थ नाही. एका घरात पगार दोन असले तरी चूल एकच असते.

कायदा इथे काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यावर तो बराच कडक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध असेल, तर तो अपात्र ठरू शकतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची असते. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या कायद्यांतही अशाच तरतुदी आहेत. सगळी मारामारी होते ती 'अप्रत्यक्ष' या शब्दावरून. नुसतं नातं पुरेसं नाही, हितसंबंध दाखवावा लागतो, असं सदस्यांचे वकील सांगतात, आणि ते बिनबुडाचं नाही. प्रत्येक प्रकरणातली कागदपत्रं वेगळी असतात.

गोव्यात ही मारामारी वेगळ्या वळणावर गेली. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते. आयकर कायद्यालाही त्यासाठी वेगळं कलम घालावं लागलं आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरावं लागलं. एका पंचायत सदस्याच्या नवऱ्याकडे पंचायतीचा ठेका होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने बायकोचा त्यात अप्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध आहे असं मानलं. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे महाराष्ट्रात आलं की बायकोचं ते बायकोचं आणि नवऱ्याचं ते नवऱ्याचं, असा कायदा आहे. बायकांच्या दृष्टीने तो हक्क मोलाचा आहे, आणि ठेकेदारीच्या दृष्टीने तीच पळवाट आहे.

आता वरची पायरी बघा. आमदार-खासदारांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सरकारी ठेक्यावरून अपात्रता आहे, पण ती स्वतःच्या नावावर चालू ठेका असेल तरच. जोडीदाराच्या ठेक्याचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे गटाराच्या कामात 'अप्रत्यक्ष' हितसंबंध निघाला तर गावच्या सदस्याची खुर्ची जाऊ शकते, आणि शेकडो कोटींच्या बैठकीत बसणाऱ्याने धंदा घरातल्या दुसऱ्या नावावर केला की तो मोकळा. मला हे उलटं वाटतं. जिथे पैसा जास्त तिथे चाळणी बारीक हवी.

मंत्र्यांसाठी म्हणून एक आचारसंहिता आहे. केंद्र सरकारने ती १९६४ मध्ये स्वीकारली आणि ती केंद्र आणि राज्य दोन्हीकडच्या मंत्र्यांसाठी आहे. ती लिहिणारी माणसं भाबडी नव्हती. मंत्री झाल्यावर धंद्याच्या व्यवस्थापनातून बाजूला व्हा, असं त्यात आहे. सरकारला माल किंवा सेवा पुरवणारा धंदा असेल तर त्याची मालकीसुद्धा सोडा. व्यवस्थापन घरातल्या सज्ञान माणसाकडे दिलं तरी चालेल, मात्र पती किंवा पत्नीकडे द्यायचं नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. परवाने, कोटा, भाडेपट्टे यांवरच मुख्यतः चालणाऱ्या धंद्यांत घरच्यांनी पडू नये, हेही आहे. "मिसेस बघतात" या उत्तराची सोय साठ वर्षांपूर्वीच काढून घेतली होती! फक्त ही संहिता कायदा नाही. ती पाळली जाते की नाही हे केंद्रात पंतप्रधानांनी आणि राज्यात मुख्यमंत्र्यांनी बघायचं. मंत्र्याने मोडली म्हणून तुम्ही-आम्ही कोर्टात जाऊ शकत नाही. सभेत विचारू मात्र नक्की शकतो.

जाता जाता हेही सांगतो की राज्य सरकारच्या साध्या कर्मचाऱ्याच्या घरात कुणी धंदा सुरू केला तर त्याने तो वरिष्ठांना कळवायचा असतो. बायकोच्या विमा एजन्सीसाठी त्याने ओळखीपाळखी वापरल्या तर तो गैरवर्तणुकीचा भाग ठरतो. तलाठ्याला लागू असलेला नियम त्याच्यावर हुकूम चालवणाऱ्याला का नको?

इथली नावं घेतली की अर्धे वाचक लगेच पक्षाचा चष्मा लावतात, म्हणून उदाहरण लांबचं घेतो. ब्रिटनमध्ये ऋषी सुनक पंतप्रधान असताना मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलं सांभाळण्याच्या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून रक्कम जाहीर झाली. थेट येणाऱ्याला ६०० पौंड आणि एजन्सीमार्फत येणाऱ्याला १,२०० पौंड. अशा मोजक्या एजन्सींपैकी 'कोरू किड्स' या एका कंपनीत सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांचे शेअर होते. अक्षता म्हणजे १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांच्या कन्या. संसदेच्या समितीत सुनक यांना सरळ विचारलं गेलं, या विषयात जाहीर करण्यासारखं काही आहे का? सगळं रीतसर जाहीर केलंय, असं ते म्हणाले. चौकशी झाली. पत्नीचे शेअर त्या वेळी सांगायला हवे होते, नियमभंग झाला, पण तो अनवधानाने, असं संसदेच्या आयुक्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलं. सुनक यांनी माफी मागितली. कुणी चोरी केली, असं कुणाचंही म्हणणं नव्हतं. त्या घराच्या श्रीमंतीपुढे हे शेअर म्हणजे चिल्लर. तरी चौकशी झाली, कारण पैसे किती यापेक्षा सांगितलं की नाही हे तिथे महत्त्वाचं होतं. आपल्याकडे हजार कोटींखाली काही निघालं तर लोक जांभई देतात.

तर मग आपण काय करायचं? विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराचं शपथपत्र उघडा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. लोक त्यातले गुन्हे बघतात, सोनं किती तोळे ते बघतात आणि बंद करतात. तुम्ही पुढे जा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे जोडीदाराची मालमत्ता त्यात आली. आता जोडीदाराचा व्यवसाय, उत्पन्नाचा स्रोत, पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, आणि सरकार वा सरकारी कंपन्यांशी केलेले ठेके, हे सगळं लिहावं लागतं. भागीदारी फर्म आणि खासगी कंपनीमार्फत घेतलेले ठेकेसुद्धा. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' आणि उत्पन्नाच्या रकान्यात कोटी असतील, तर दोन्ही खरं असू शकतं, वडिलोपार्जित भाडं येत असेल. पण विचारायचं. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवलंत तर पाच वर्षांत कुणाच्या नावावर काय आलं ते दिसेल. शपथपत्रात खोटं लिहिणं किंवा माहिती दडवणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गावात काम आणखी सोपं आहे. वित्त आयोगाच्या पैशातून पंचायतीने केलेल्या खर्चाची नोंद ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असते. कंपनीचे संचालक कोण ते कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. निविदेऐवजी तीन दरपत्रकांवर छोटी कामं दिली जातात, तेव्हा तिन्ही दरपत्रकं मागून बघा. एक वहिनींच्या फर्मचं, दुसरं मेव्हण्याचं, तिसरं पुतण्याचं, आणि हस्ताक्षर एकच, असं कुठे निघालं तर शपथपत्राचीही गरज उरत नाही.

माहिती अधिकारात अर्ज करताना लोक हमखास घसरतात. "सदस्यांच्या पत्नीच्या व्यवसायाची व उत्पन्नाची माहिती द्यावी" असं लिहितात. खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो, आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंतर ते फेटाळणं अधिकच सोपं झालंय. माणसाची माहिती मागूच नका, कामाची मागा. अमुक रस्त्याची दरपत्रकं किंवा निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं आणि मासिक सभेचं इतिवृत्त. हे सगळे कार्यालयाचे कागद आहेत, कुणाच्या घरचे नाहीत. इतिवृत्त नीट वाचा. तो विषय चर्चेला आला तेव्हा संबंधित सदस्य उठून बाहेर गेले होते, की सूचक म्हणून त्यांचंच नाव आहे? सगळ्या भानगडीतली मोक्याची ओळ तीच असते.

हे करताना जीभ आवरायची. व्हॉट्सॲपवर वहिनींचा फोटो, खाली हार-दागिन्यांची किंमत आणि चार घाणेरडी वाक्यं टाकली की तुमचा मुद्दा संपला आणि त्यांची सहानुभूती सुरू झाली. वर बदनामीचा खटला अंगावर येईल तो वेगळाच. बाईंच्या दागिन्यांशी आपल्याला काही देणंघेणं नाही. प्रश्न निवडून आलेल्या माणसाला विचारायचा, कारण मत आपण त्याला दिलंय. ताई सरपंच असतील तर प्रश्न ताईंनाच, मालकांना नाही. त्यांना "वहिनी, जरा भाऊंना बोलवा" म्हणणारे आपणच असू, तर मग सरपंचपतीच्या नावाने बोटं मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक गोष्ट कुणाला आवडणार नाही. मंडळाच्या वर्गणीची पावती आपण कुणाकडे नेतो? देवळाच्या सभामंडपाची फरशी, सप्ताहाचा एक दिवसाचा महाप्रसाद, कबड्डीच्या सामन्यांचं पहिलं बक्षीस, हे सगळं त्याच फर्मकडून येतं जिच्या नावाने आपण कट्ट्यावर कुजबुजतो. ज्याच्याकडून एकावन्न हजार घेतले त्याला ग्रामसभेत तोंड वर करून विचारणं जड जातं, आणि देणाऱ्यालाही हे चांगलं ठाऊक असतं. या वर्षी वर्गणी मागायला निघाल तेव्हा पंचायतीचे ठेके घेणाऱ्यांची घरं वगळा. बक्षीस अकराशेचं ठेवलं तरी सामने होतील.

ग्रामसभेत प्रश्न तोंडी विचारून थांबू नका. लेखी द्या, पोच घ्या आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते बघा. माहितीचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. अर्जात एकाच कामाचं नाव आणि एकच वर्ष घाला. पाच वर्षांची सगळी कामं एकदम मागितली की माहिती विपुल आहे, कार्यालयात येऊन पाहावी, असं पत्र येतं. आलंच तर जा. जाताना दोघं जा, फोनमध्ये चार्जिंग असू द्या आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या सोडलेल्या पानांचासुद्धा.