दारात होडी, पण वाट मोकळी आहे का?

फ्लोरिडातलं केप कोरल म्हणजे कालव्यांचं शहर. तब्बल ६४० किलोमीटर कालवे! दारात शिडाची होडी बांधायची हौस म्हणून कितीतरी जोडपी निवृत्तीची पुंजी तिथे घालतात. पण वाटेत ठेंगणा पूल असला की डोलकाठी अडलीच. काही कालवे तर समुद्राला मिळतच नाहीत. त्यात २८ सप्टेंबर २०२२ला ‘इयन’ वादळ आलं नि घरांत पाणी शिरलं. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा. पुराचा विमा-दावा केला असेल तर विकणाऱ्याने तो लेखी सांगायचा, हा कायदा आला ऑक्टोबर २०२४मध्ये! मला विचाराल तर मैत्रिणींनो, कागद बघावाच. पण शेजारणीलाही विचारावं, ‘पाणी कुठवर आलं होतं गं?’