अर्ध्या वाक्याचे राजकारण

अमेरिकेतील शस्त्रहक्कवाद्यांच्या प्रचारसाहित्यात महात्मा गांधी वारंवार भेटतात, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या ब्रिटिश कायद्याचा निषेध करणारे त्यांचे एक विधान तेथे ठळक अक्षरांत छापले जाते. विधान खोटे नाही; आत्मकथेत ते आहे. मात्र ते १९१८ साली खेडा जिल्ह्यात काढलेल्या सैन्यभरतीच्या पत्रकातले आहे. मध्यमवर्गाने सरकारला आपणहून मदत केली, तर अविश्वास सरेल आणि शस्त्रबंदी उठेल, असा तेथील युक्तिवाद. साम्राज्याच्या फौजेत चला म्हणून सांगणारा मजकूर सरकारविरुद्ध बंदूक बाळगण्याचा जाहीरनामा म्हणून वाचला जातो! 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' या प्रश्नाच्या उत्तरात असे कोणी लिहिले, तर आम्ही त्याला शून्य गुण देऊ.

चूक भित्तिपत्रकापुरती असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु अर्धे वाक्य वाचण्याची ही सवय त्या चळवळीच्या ध्येयधोरणातच मुरली आहे. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती मुळात २७ शब्दांची. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक आहे, हा तिचा पूर्वार्ध. शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क अबाधित राहील, हा उत्तरार्ध. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पूर्वार्धाला निव्वळ प्रस्तावना ठरवले. त्याच निकालपत्रात हा हक्क अमर्याद नाही, असेही बजावले होते. पुढे प्रचारात तेवढा भागही गळाला.

ध्येये ठरवण्याची आजची पद्धत १९७७ पासूनची. नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ साली स्थापन झालेली, नेमबाजीला वाहिलेली संस्था. त्या वर्षी सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टर यांच्या गटाने जुन्या नेतृत्वाला पायउतार केले आणि तडजोड नाकारणारे राजकारण हाच संस्थेचा मुख्य व्यवसाय झाला. तेव्हापासून प्रत्येक मुक्काम गाठताच पुढचा मुक्काम ठरतो. आधी परवाना मागेल त्याला मिळावा, मग परवानाच नको. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याविना पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तर सार्वजनिक जागी शस्त्र बाळगणे हाही घटनादत्त हक्क ठरवला. यशाचे माप एकच, किती नियम मोडीत निघाले. हक्क नेमका कोणाच्या हाती पडला, हे या मोजपट्टीवर उमटतच नाही.

ते उमटावे म्हणून दोन प्रसंग सांगतो. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे सशस्त्र कार्यकर्ते कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. उघडपणे भरलेली बंदूक घेऊन फिरण्यास बंदी घालणाऱ्या विधेयकाला त्यांचा विरोध होता. कायदा झाला, त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी आणि पाठिंबा दिला याच असोसिएशनने. दुसरा प्रसंग जुलै २०१६ मधला. मिनेसोटात पोलिसाने अडवलेल्या एका कृष्णवर्णीय मोटारचालकाने, आपल्याजवळ बंदूक आहे, असे स्वतःहून सांगितले. बंदुकीचा परवानाही त्याच्याकडे होता. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या; २०१७ साली पोलीस निर्दोष सुटला. एरवी क्षुल्लक नियमावरून रान उठवणाऱ्या असोसिएशनने तेव्हा मृताचे नावही न घेता मोघम निवेदन काढले. हक्क सर्वांचा असेल, तर या मृत्यूहून मोठा खटला त्यांना कोणता हवा होता?

ज्या देशाच्या घटनेत हा हक्कच नाही, तेथल्या मास्तरांनी हे कोणत्या तोंडाने सांगावे, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे हा वाद झालाच नाही, असे नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यात गोऱ्यांना सूट होती; सल खरी त्या भेदभावाची होती. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्रे बाळगण्याचा हक्क मागितला गेला, तोही नियमांच्या अधीन राहून. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली. वाटेल त्याला बाजारात जाऊन हत्यारे घेता येऊ लागली, तर राज्यकारभार चालायचा कसा, असा डॉ. आंबेडकरांचा सवाल होता. सूचना फेटाळली गेली. आम्ही निराळ्या निष्कर्षाला आलो. अमेरिकेने तोच काढावा, असा आमचा आग्रह नाही. असो.

हक्क मान्य करूनही आम्हांला त्यांची ध्येयसूची अपुरी वाटते. पोलिसाला खरे सांगणारा परवानाधारक जिवंत घरी परतावा, हे त्यांचे पहिले कलम व्हायला हवे. दुसरे कलम त्यांच्याच घरातले आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. घरातले शस्त्र कुलपात राहावे, खचलेल्या मित्राची बंदूक काही दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावी, यासाठी आरंभी सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. 'सुनियंत्रित' या शब्दाला तेवढा तरी अर्थ उरला असेल ना? न्यू हॅम्पशर राज्यात काही बंदूकविक्रेते आरोग्यतज्ज्ञांबरोबर बसले, आणि आत्महत्येच्या विचारात असलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे याची पत्रके त्यांनी आपल्या दुकानांत लावली. कोणत्याही न्यायालयाने त्यांना तसे सांगितले नव्हते.