लॅब्रॅडॉर घेऊन सिंगापूरला?

सिंगापूरमध्ये जॉब लागलाय, लॅब्रॅडॉरही न्यायचाय? मग तिकिटाआधी घर बघा. या बेटावरचे बहुसंख्य लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या फ्लॅटमध्ये राहतात. तिथे एकच कुत्रा चालतो, तोही ठरावीक लहान जातींचा. तुमचा लॅब कितीही गुणी असो, यादीत नाही! उरतात कॉन्डो, म्हणजे खासगी सोसायट्या. तिथे ३ कुत्रे चालतात, पण भाडं खिसा रिकामा करतं आणि घरमालकाचा होकार वेगळा लागतो. तो तोंडी नको, करारात लिहून घ्या. आपल्याकडे उलट: प्राणी कल्याण मंडळ म्हणतं, सोसायटीला बंदी घालता येत नाही, तरी घरमालक नाकं मुरडतातच. भारतातून नेलेल्या कुत्र्याला आधी क्वारंटाइन असतं. घर तेव्हा शोधू म्हणाल, तर फसाल.