विश्लेषण : गोल्फच्या मैदानाला ७२ चा हट्ट कशासाठी?

गोल्फचे नवे मैदान म्हटले की १८ होल, पार ७२ आणि सुमारे ७ हजार यार्ड लांबी हे आकडे गृहीत धरले जातात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०२४ मध्ये खुल्या झालेल्या ‘सेज व्हॅली’ने ते बाजूला ठेवले. टॉम डोक यांनी आखलेल्या या मैदानाचा पार आहे ६८ आणि लांबी ६ हजार यार्डांपेक्षा कमी. नव्या मैदानांनी हा धडा गिरवायला हवा.

पार कसा ठरतो?

कुशल खेळाडूला एखादा होल पूर्ण करण्यासाठी अपेक्षित असलेले फटके म्हणजे त्या होलचा पार. त्यात ग्रीनवरचे दोन पुट धरलेले असतात. सर्व होलची बेरीज म्हणजे मैदानाचा पार. ती ७२ च असावी, असा कोणताही नियम नाही. इंग्लंडमधील राय या नामांकित मैदानाचा पार ६८ आहे.

मग मैदाने लांबत का गेली?

चेंडू आणि क्लब सुधारले, फटके लांब जाऊ लागले. टायगर वूड्सने १९९७ मध्ये मास्टर्स जिंकली तेव्हा ऑगस्टा नॅशनलची लांबी ६,९२५ यार्ड होती; २०२४ मध्ये ती ७,५५५ यार्ड झाली. ही लांबी मूठभर व्यावसायिकांसाठी आहे. तिची नक्कल करणाऱ्या क्लबांत मात्र हौशी खेळाडूच खेळतात. लांबीची ही शर्यत खेळाच्या भवितव्यासाठी घातक असल्याचे गोल्फच्या दोन्ही नियामक संस्थांनी २०२० च्या अहवालात म्हटले होते.

पार कमी केल्याने काय साधते?

साधे गणित पाहू. पार ७२ च्या मैदानात साधारणपणे पार-३ आणि पार-५ चे प्रत्येकी चार आणि पार-४ चे दहा होल असतात. समजा, ५२० यार्डांचे चारही पार-५ होल ४०० यार्डांचे पार-४ केले. पार ६८ होतो आणि ४८० यार्ड वाचतात. तेवढा फेअरवे कापावा लागत नाही, त्याला पाणी द्यावे लागत नाही, चालणेही कमी होते. ग्रीन मात्र १८ च राहतात, त्यामुळे त्यांच्या देखभालीचा खर्च फारसा घटत नाही.

त्याहून मोठा फायदा आखणीत आहे. ठरावीक पारचे बंधन सुटले की जमीन सांगेल तसे होल आखता येतात. उतार, ओढा, झाडी सपाट करत बसावे लागत नाही.

खेळ सोपा होतो का?

नाही. २३० यार्डांचा पार-३ किंवा ४७० यार्डांचा पार-४ भल्याभल्यांची परीक्षा घेतो. उलट २८० यार्डांचा पार-४ थेट ग्रीन गाठण्याचा मोह घालतो आणि फटका चुकला की शिक्षाही करतो. हँडिकॅप काढतानाही केवळ पार नव्हे, तर मैदानाचे कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग विचारात घेतले जाते.

अडचण कोणती?

पार-३ होलवर पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांना थांबावे लागते. असे होल सुरुवातीलाच किंवा चुकीच्या क्रमाने आले तर रांग लागते. म्हणजे मैदान आखूड केले की वेळ आपोआप वाचतो असे नाही. क्रमही विचारपूर्वक लावावा लागतो.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जागा महाग आणि उन्हाळ्यात पाणी तोकडे. अशा ठिकाणी नवे मैदान आखताना आधी जमीन आणि पाणी मोजावे, पारची बेरीज शेवटी करावी. ती ६८ भरली तर बिघडले कुठे?