कार्डांवर बसवलेली फेरी
एका गाडीने २० घरी डबे पोचवून परत यायचं, तर फेरीचे पर्याय किती? एकशे एकवीस कोटी अब्जांहून जास्त! सगळे तपासत बसलं तर डबे गार होणारच. अटलांटात म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकच नव्हता. जॉर्जिया टेकच्या जॉन बार्थोल्डी आणि लॉरेन प्लॅट्झमन यांनी तिथे कार्डांच्या दोन फिरत्या चकत्यांवर काम भागवलं. अख्ख्या नकाशावर वळसे घेत, कुठलाही कोपरा न सोडणारी, गणितज्ञ सिएर्पिन्स्कीची वक्ररेषा कल्पायची. घर तिच्यावर कितव्या जागी येतं तो आकडा तक्त्यात बघून कार्डावर लिहायचा आणि कार्ड त्या क्रमाने लावायचं. दुसरी चकती नावांनुसार, शोधायला. नवं कुणी आलं, कार्ड घाला. कुणी गेलं, काढा. गठ्ठ्याचे सारखे भाग पाडले की प्रत्येक गाडीची फेरी तयार. सर्वोत्तम मार्गापेक्षा ही फेरी सरासरी २५ टक्के लांब पडते, हे खरं. पण यादीच सतत बदलत असेल, तर उद्या शिळं होणारं अचूक उत्तर घेऊन करायचं काय? नाकं मुरडणाऱ्यांनी हवं तर नंतर एकमेकांना छेदणारे दोन टप्पे शोधून उलटे जोडावेत. तेवढ्यानेही बरंच अंतर वाचतं.