‘कामकरी बायकांना सवय असते’ : सिझरनंतरच्या विश्रांतीची जात

सिझर झालेल्या बाईला घरी सोडताना सांगतात, ‘सहा आठवडे जड उचलू नका.’ सल्ला बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की तो पाळणं कोणाला परवडतं? पंधरा लिटरचा हंडा म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो. ज्या वस्तीत घरात नळ नाही, तिथल्या बाईने काय करायचं? तिने विश्रांती मागितली, की घरातून, मुकादमाकडून ठरलेलं वाक्य येतं : ‘कामकरी बायकांना सवय असते. पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या आणि लगेच खुरपं धरायच्या.’

हे वाक्य कौतुकाचं वाटतं. ते कौतुक नाही, ती जातीची भाषा आहे. पूर्वीच्या बायका लगेच कामाला लागत, कारण काम केलं नाही तर चूल पेटत नव्हती. त्यातल्या किती मेल्या, कितींचं अंग बाहेर आलं, किती जणी जन्मभर कंबर धरून चालल्या, याची नोंद कोणी ठेवली? ज्या व्यवस्थेने बाळंतिणीला विटाळ मानलं आणि नाळ कापणाऱ्या सुईणीला अस्पृश्य ठरवलं, तिने श्रमिक स्त्रीच्या वेदनेलाही ‘सवय’ म्हणून मोकळं व्हावं, यात नवल नाही.

आता शरीराचं शास्त्र पाहू. सिझर म्हणजे ‘सोपं बाळंतपण’ नव्हे, ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. त्वचा, चरबी, स्नायूंवरचं मजबूत आवरण आणि गर्भाशय कापलं जातं. पोटाचे स्नायू बहुधा कापत नाहीत, बाजूला सारतात. वरचे टाके लवकर भरतात, पण आतल्या आवरणाला पूर्वीची ताकद यायला अनेक महिने लागतात. त्यात गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही नऊ महिन्यांच्या भाराने सैल पडतात. सिझर झालं म्हणून ते वाचत नाहीत. पुढे कंबर दुखली, की ‘पाठीतल्या इंजेक्शनमुळे’ असं सांगून विषय मिटवतात. पण वर्षानुवर्षांच्या दुखण्याला ते इंजेक्शन कारण असल्याचं अभ्यासांतून दिसत नाही. कमकुवत झालेले स्नायू आणि त्यांच्यावर लादलेलं ओझं, हे खरं बघायला हवं.

स्नायू पुन्हा बळकट करता येतात आणि त्याला यंत्रं लागत नाहीत. पहिल्या दिवसांत पावलं वरखाली हलवणं, खोल श्वास आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर आधाराने चालणं. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणं. खोकताना टाक्यांवर उशी धरणं. दुखत नसेल तर श्वास सोडताना पोट हलकेच आत घेणं. लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळणं आणि सोडणं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर गुडघे वाकवून कंबर उचलण्यासारखे व्यायाम, तेही हळूहळू. उठाबशा आणि जड वजन त्याही नंतर. ताप, टाक्यांतून पू, जास्त रक्तस्राव, पोटरीला सूज, धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं, तर थेट दवाखाना.

हे ज्ञान आज कुठे मिळतं? शहरात, ‘पोट सपाट करा’ म्हणणाऱ्या महागड्या वर्गांत. बाजाराने पुनर्वसनाला सौंदर्य करून टाकलं. ज्या बाईचं पोट आणि पाठ हीच तिची भाकर, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही.

आणि शासन? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. म्हणजे पाचातली एक बाई. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर मोफत, सात दिवसांपर्यंत जेवण मोफत, घरी सोडायला गाडी मोफत. हे मोलाचंच आहे. पण आठव्या दिवशी? आशाताई घरी येते ती मुख्यतः नवजात बाळासाठी. आईच्या पोटाचे स्नायू कोण तपासतं?

रजेचं तेच. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी, कचरावेचक यांना ती कुठे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ लिहिला आहे. मातृवंदना योजना पहिल्या बाळाला ५००० देते. एवढ्यात सहा आठवड्यांची मजुरी भरून निघते का?

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. विश्रांती ही त्यांनी दया म्हणून मागितली नाही, हक्क म्हणून मागितली. जवळजवळ शंभर वर्षांनी तो हक्क नियुक्तिपत्र असलेल्या बाईपाशी येऊन थांबला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. असंघटित कामगार स्त्रीला सिझरनंतर किमान सहा आठवड्यांची मजुरी, किमान वेतनाच्या दराने. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. घरी सोडताना व्यायामाची चित्रं असलेला मराठी कागद. आईच्या तपासणीसाठी आशाताईच्या वेगळ्या गृहभेटी, पूर्ण मोबदल्यासह.

आणि आपल्यालाही एक प्रश्न. रमाईच्या त्यागावर जयंतीला टाळ्या घेणारे आपण, घरातल्या ओल्या बाळंतिणीच्या हातचा हंडा घेतो का? विहारातल्या महिला मंडळाने आठवड्यातून एक तास या व्यायामांना द्यावा, जाणकार ताईला बोलवावं आणि पुरुषांनी त्या वेळी बाहेर लेकरं सांभाळावीत. याला कोणाची परवानगी लागत नाही.

सवय तिला नाही, सवय आपल्याला आहे. तिच्या शरीरावर जगण्याची. ती मोडायची आहे.

जय भीम!