कष्टाळू, मनमिळाऊ आणि प्रेमळ

आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला. तिथली म्हातारी माणसं आता एकामागून एक जायला लागली आहेत. प्रत्येक वेळी क्रम ठरलेला. ग्रुपवर फोटो येतो, त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्याजवळ फ्लेक्स आणि दहाव्याला दोन-तीन भाषणं. मजकूरही ठरलेला: "अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि प्रेमळ स्वभावाचे..." पुरुष असेल तर "धार्मिक वृत्तीचे" जोडायचं, बाई असेल तर "संसाराला हातभार लावणाऱ्या".

आमच्या धंद्यात याला टेम्प्लेट म्हणतात. नाव आणि तारीख बदलायची, बाकी सगळं कॉपी-पेस्ट :)

विशेषणं खोटी असतात असं मला म्हणायचं नाही. गावात कष्टाळू नसलेलं म्हातारं माणूस शोधूनही सापडायचं नाही, ते खरंच आहे. पण कष्ट म्हणजे नेमके कुठले कष्ट? कुठल्या साली, कुणाच्या रानात, किती मजुरीवर? हे विचारलं की सगळे गप्प. मला तर वाटतं, आपल्याला माणसाबद्दल काहीच ठाऊक नसतं तेव्हा विशेषणं फार कामाला येतात.

तर आज मुद्दा असा, की गावातल्या वडीलधाऱ्यांची आठवण ठेवायची असेल तर त्यांच्या स्वभावाची नको, त्यांच्या कामाची ठेवा. तीही ते बोलू शकतात तोवर, त्यांच्याच तोंडून.

आधी सरकारदरबारी काय उरतं ते बघू. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. ग्रामपंचायतीत नोंद होते, दाखला मिळतो. मग तलाठ्याकडे वारस नोंद, फेरफार, आणि सातबाऱ्यावरचं एक नाव जाऊन चार नावं चढतात. संपलं. जन्मतारखेचं म्हणाल तर ती बरेचदा खरी नसतेच. शाळेत गेलेल्यांची तारीख गुरुजींनी १ जून टाकलेली, शाळेत न गेलेल्यांची आधार कार्डावर १ जानेवारी. आमच्याकडे १ जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो.

बाईमाणसाचं तर त्याहून अवघड. जन्माचं नाव लग्नात बदललेलं. सासरच्या कागदावर तिचं नाव बहुतेक वेळा येतं ते नवरा गेल्यावर वारस म्हणून. माहेरच्या कागदावर येतं ते वडील गेल्यावर, आणि तिथूनही भावांसाठी हक्कसोड पत्र लिहून दिलं की कमी होतं. २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी हक्कसोड काही थांबलेलं नाही. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आयुष्यात कागदावर ती दिसणार कधी? कुणीतरी मेल्यावर, नाहीतर स्वतःचं काहीतरी सोडताना.

जुनी नोंद कधी कामाला येईल सांगता येत नाही, हे २०२३ साली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. कुणबी नोंदी शोधायला लोक तहसील कचेऱ्यांमधून गाव नमुना १४ ची, म्हणजे कोतवाल बुकाची, जीर्ण मोडी पानं उलटत होते. कित्येकांना त्यात पणजोबा सापडले. पण सापडले म्हणजे काय, तर नाव, जात आणि तारीख. ते पणजोबा काय करत होते, कुठे राबत होते, हे त्या रकान्यांत नाही. तसा रकानाच नव्हता.

आता रकान्याबाहेरचं सांगतो.

आमच्या भावकीत एक आत्या आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसून मी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारलं. आधी उत्तर ठरलेलं, "आरं त्यात काय सांगायचं? समद्यांनीच केलं." मी "दुष्काळ कसा होता" हा प्रश्न सोडून दिला आणि "तुम्ही कामाला कुठं जायचा?" असं विचारलं. मग मात्र त्या दीड तास बोलल्या.

नुकतंच लग्न झालेलं, पोर सहा महिन्यांचं. पहाटे भाकरी बांधून खडी फोडायला जायचं. बाभळीला झोळी बांधून पोर त्यात ठेवायचं. हातोड्यानं बोटं फुटायची म्हणून चिंध्या गुंडाळायच्या. मुकादम खडीचे ढीग मोजायचा, आणि कुणाचा ढीग कमी भरवायचा, कुणाचा जास्त, हे त्यांना नावानिशी आठवत होतं (ती नावं इथे देत नाही, नातवंडं गावातच आहेत). पोरांसाठी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. सासूला ती खाववत नसे, म्हणून घरातली शेवटची पायलीभर देशी ज्वारी सासूसाठी वेगळी ठेवलेली.

आणि मग सहज म्हणाल्या, "तू गाडी आणलीस नव्हं ज्या रस्त्यानं, त्याची खडी आमच्या हातची हाय."

त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन. पंचायतीच्या बोर्डावर रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाची रक्कम आहे, ठेकेदाराचं नाव आहे, आमदारांचं तर मोठ्या अक्षरात आहे. खालची खडी कुणी फोडली हे ठाऊक असलेल्या गावात आता मोजून सात-आठ बायका उरल्या आहेत.

हे एकट्या आमच्या गावाचं नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. या अनुभवातूनच रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या देशभरच्या रोजगार हमी कायद्यासमोर महाराष्ट्राचंच उदाहरण होतं. वि. स. पागे यांचं नाव या योजनेशी जोडलं जातं, ते रास्तच आहे. पण योजना ज्यांच्या पाठीवर उभी राहिली, त्यातली तेव्हा वीस वर्षांची असलेली पोरगी आज सत्तरीच्या पार गेली आहे. हिशोब सोपा आहे. अजून दहा-पंधरा वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

तेव्हा काय होईल? तेच, जे राजेवाडीचं झालं. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या काळात, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या मदतकामातून उभा राहिला. साताऱ्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये त्याची माहिती मिळते. पाटी वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव मिळत नाही. त्या काळी लिहिणारे साहेब होते, आणि ज्यांनी खणलं त्यांना लिहिता येत नव्हतं, ही सबब तरी होती. आज घराघरात पोरांच्या खिशात रेकॉर्डर आहे. आपल्याला कुठली सबब?

यावर मित्रांकडून दोन आक्षेप ऐकले. पहिला, "साध्या माणसांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं असतं काय?" याचं उत्तर माणदेशानंच देऊन ठेवलंय. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ साली आलं. त्यातली माणसं कोण? आमच्यासारख्याच गावांतली, कुठल्याही इतिहासात न येणारी. फरक इतकाच की त्यांच्या गावात माडगूळकर होते. आता प्रत्येक गावाला माडगूळकर मिळणार नाही, मान्य. पण नोंद ठेवायला माडगूळकर लागत नाहीत, ऐकून घेणारं कुणीतरी लागतं.

गी पॉइतवाँ आणि हेमा रायरकर यांनी हेच केलं. जात्यावरच्या ओव्या गोळा करत ते गावोगाव फिरले. हजारावर गावं, लाखाहून जास्त ओव्या. मला त्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? ओवी कुणी सांगितली त्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी सोबत नोंदवलं. "लोकसाहित्य" म्हणून सगळ्याजणींना एका पोत्यात घातलं नाही. पॉइतवाँ २००४ साली गेले, रायरकर २०१० साली. पुढे पी. साईनाथ यांच्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं ते काम हाती घेतलं, त्यामुळे आज कुणालाही त्या ओव्या ऐकता येतात. नोंद असली की नोंदणारा गेल्यावरही काम पुढे जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. म्हातारपणी आठवणींचा भरवसा काय? माणूस घोळ घालतो, फुगवून सांगतो. खरंय, सालाच्या बाबतीत तर हमखास. पण त्याला उपाय आहे. "कुठल्या साली?" असं विचारूच नका. "कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारा. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आमच्याकडे सगळ्यांना आठवतो. "मिलचा संप झाला तेव्हा तुम्ही मुंबईला होता का?" संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आमच्या भागातली किती माणसं तेव्हा मुंबईत साचाखात्यात होती, गावकीच्या एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपत होती आणि संपानंतर वळकटी घेऊन परत आली! असे चार-पाच खुंटे ठोकले की आयुष्य आपोआप क्रमानं लागतं. शिवाय माझा अनुभव असा, की माणसं तारखा विसरतात, पण मजुरी, वाटा, शेजाऱ्यांची नावं आणि कोणी कसं वागवलं हे विसरत नाहीत.

कोणी कसं वागवलं, यावरून एक महत्त्वाची गोष्ट. विचारायला जाताना नुसतं आपल्या आळीत जाऊ नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले सॅम्पल चुकलं की सगळं उत्तर चुकतं असं दिवसभर बोलतो, पण गावाचा इतिहास म्हटलं की पाटलाच्या वाड्यावर चहा पिऊन परत येतो. बौद्धवस्तीतल्या म्हाताऱ्याला विचारा, १९५८ च्या कायद्यानं वतनं जायच्या आधी घरच्यांना गावची कुठली कामं करावी लागत, आणि दुष्काळात कुठल्या आडावर पाणी भरू दिलं जात होतं, कुठल्या नाही. धनगरवाड्यावर विचारा, मेंढरं घेऊन कोकणापर्यंत कुठल्या वाटेनं जायचे. एकाच दुष्काळाच्या चार गोष्टी मिळतील आणि चारही खऱ्या असतील. काही ऐकायला बऱ्या वाटणार नाहीत. त्यासुद्धा लिहा. गोड तेवढंच लिहायचं असेल तर फ्लेक्स आहेच की.

आता करायचं कसं, तेवढं सांगून थांबतो.

एका वेळी एकच माणूस, एक तास. सून-नातवंडांनी मध्ये उत्तरं द्यायची नाहीत. "जुन्या आठवणी सांगा" म्हणायचं नाही, त्यानं कुणीच बोलत नाही. विचारायचं ते असं: तुमचं माहेरचं नाव काय? पहिली मजुरी कोणत्या कामाची, किती मिळाली? पहिल्यांदा गावाबाहेर गेलात ते कशाला? किती बाळंतपणं झाली, किती मुलं जगली? कर्ज कुणाकडून काढलं आणि फेडलं कसं? गावात आज जे दिसतं त्यातलं तुमच्या हातचं काय आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका.

फाईलला माणसाचं नाव, गाव आणि तारीख द्या. "नवीन ऑडिओ १२" या नावाची फाईल म्हणजे हरवलेलीच फाईल. ग्रुपवर टाकलेली वस्तू सांभाळली जाते हा भ्रम आहे, फोन बदलला की गेली. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि ऐकून दोन पानं मराठीत लिहून काढा, छापून एक प्रत गावच्या शाळेत द्या. मी बॅकअपवर पोट भरणारा माणूस आहे, तरी सांगतो, पन्नास वर्षांनी कुठली फाईल उघडेल याची खात्री मी देणार नाही. कागद मात्र उघडेल.

आणि परवानगी. जमिनीची भांडणं, घरातली दुखणी, हे सगळं बोलण्यात येतंच. कुठलं ठेवायचं आणि कुठलं पुसायचं हे सांगणाऱ्यानंच ठरवायचं. आत्यांनी एक गोष्ट सांगून झाल्यावर "हे मातूर नगं ठिवू" म्हणून सांगितलं. त्यांच्यासमोरच पुसली.

दिवाळीला किंवा यात्रेला गावी जालच. गावातल्या सगळ्यात बोलक्या माणसापासून सुरुवात नको, त्याचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. "माझ्याकडं काय हाय सांगण्यासारखं" असं जी म्हणेल, तिच्यापासून करा.